माहेरच्या पाण्याची ओटी

लेकीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "पप्पा, रविवारी तुम्ही आणि आई क्रूझवर चाललात."

मला वाटलं मुंबईला जायचं असेल. तर म्हणे, "नाही, आपल्याच धरणात."

मी त्या धरणाच्या कालव्यावर पस्तीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. पाटकरी म्हणजे कालव्याचं दार उघडणारा आणि बंद करणारा, कुणाच्या शेताला किती तास पाणी जायचं ते बघणारा, आणि त्यापायी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा माणूस. पण धरणात नावेत बसायची वेळ कधी आली नाही. आमचं पाणी बघणं ते काठावरून. तेव्हा क्रूझ हे काय खूळ आहे, असं मी विचारलं. लेक आणि जावई मागच्या वर्षी खऱ्या समुद्रातल्या क्रूझवर जाऊन आले होते. तिथं म्हणे जहाज मधेच एका बंदरावर थांबतं, हौशी लोक उतरून गाव बघतात आणि वेळेत परत येतात. जो उशीर करील त्याला सोडून जहाज निघून जातं. आमच्या धरणावरच्या एका बहाद्दरानं हीच कल्पना उचलली होती. मोठी लाँच घेतली, वर छत टाकलं, चहा-भजीची सोय केली, आणि समोरच्या काठावर दीड तास उतरून फेरफटका. तिकिटावर त्यानं 'शोअर एक्सकर्शन' असं छापून घेतलं होतं.

"आणि त्या काठावर बघायचं काय?" मी विचारलं.

"नवा कालवा. त्याचं काम चाललंय ना, ते दाखवतात."

माझं डोकंच फिरलं. "जन्मभर कालवाच बघितला की मी. आता तिकीट काढून कालवा बघू व्हय? तुझ्या आईला घेऊन जा, मला न्हाई यायचं."

तेवढ्यात बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "मला बघायचाय तो कालवा."

एवढंच बोलली आणि परत आत गेली. माझा नकार तिथंच संपला. कारण तिला तो का बघायचाय ते मला पक्कं ठाऊक होतं.

तिचं माहेर शेवगावकडच्या माळावर, उंचावरचं गाव. आमचा जुना कालवा त्या माळाच्या खालून जातो. खाली ऊस, वर कुसळं. पाणी काही चढ चढून जात नाही, त्याला कोण काय करणार? पण माझ्या सासऱ्यांना ते कधी पटलं नाही. पोरीला त्या वेळी चांगल्या घरची दोन स्थळं आली होती. एक तर शाळामास्तर होता, दारात विहीर असलेला. ती दोन्ही सोडून म्हाताऱ्यानं मला निवडलं. का, तर "जावई पाटाच्या खात्यात हाय, पान्याची वळख ऱ्हाईल." कलेक्टरच्या नात्यात सोयरीक केली की कामं होतात, तसं पाटकऱ्याला पोरगी दिली की पाणी येईल, असा त्यांचा साधा हिशेब.

लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला गेलो, तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय जावई, आनलं का पानी?" मी हसलो. पुढच्या वर्षी तेच. मग गाव ते दरवेळी विचारायला लागलं, अगदी मयताला गेलो तरी. तिथं मी हसून घ्यायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो. तीही काही मुकी नव्हती. भांडण ऐन रंगात आलं की तिचा एक बाण ठरलेला असायचा: "दुनियेच्या उसाला पाणी पाजता, माझ्या बापाच्या ज्वारीला एक तांब्या न्हाई." त्यावर मी चप्पल घालून कालव्यावर निघून जायचो. सासरे वाट बघत बघत गेले. आता तिचा भाऊ शेती बघतो आणि टँकरवर डाळिंब जगवतो.

तर हा नवा कालवा त्याच उंचावरच्या गावांसाठी होता. धरणातलं पाणी पंपानं वर उचलायचं आणि वरूनच वाहतं करायचं. आणि लाँचवाल्यानं लेकीला फोनवर सांगितलं होतं की रविवारी चार वाजता चाचणीसाठी त्या कालव्याचं दार पहिल्यांदा उचलणार आहेत, आमच्या पाहुण्यांना ते बघायला मिळेल. बायकोला तेवढंच पाहिजे होतं. तिला त्या पाण्याची ओटी भरायची होती.

आमच्याकडं नवं पाणी आलं की बाया त्याची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर गहू, हळदकुंकू. पाणी म्हणजे घरी आलेली लेकच. पण ओटी भरायची ती वाहत्या पाण्याची. साचलेल्या पाण्याची भरत नाहीत. बायकोनं हिरवा खण काढून ठेवला. दुकानात जाऊन सात नारळ कानाशी हलवून बघितले आणि त्यातला एक आणला. सगळं माझ्या जुन्या ड्युटीच्या पिशवीत भरलं. लेकीनं माझ्यासाठी पांढरे बूट आणले होते, धावायला जातात तसले. "क्रूझवर चप्पल घालून जायचं नाही," म्हणाली. घातले बापडे.

रविवारी दुपारी लाँच सुटली. मालक एकेकाळी धरणात मासे धरायचा, मी त्याला चांगला ओळखतो. आता पांढरी टोपी घालून तो कॅप्टन झाला होता आणि माईकवर बोलत होता. "मंडळी, लक्ष देऊन ऐका. उतरल्यावर दीड तास तुमचा. बोट बरोब्बर साडेचारला सुटणार. जो मागं राहील त्यानं धरणाला वळसा घालून चालत यायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पाटकरी असला तरी."

बाकीची मंडळी म्हणजे नगरच्या एका बँकेतले साहेब लोक, बायकापोरांसकट. त्यातले एक गॉगलवाले साहेब फारच हौशी होते. प्रत्येक लाटेचा त्यांनी फोटो काढला. खरं सांगायचं तर मलाही मजा आली. ज्या पाण्याकडं मी आयुष्यभर कपाळाला आठ्या घालून बघितलं, ते आतून इतकं निवांत असेल असं वाटलं नव्हतं. बायको काठाला टेकून बसली होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. भजीसुद्धा तिनं एका हातानंच खाल्ली.

पलीकडच्या काठावर एक इंजिनिअर बाई आम्हाला न्यायला आल्या होत्या. पिवळं हेल्मेट, वय आमच्या लेकीएवढं. त्या सगळ्यांना कालव्याच्या भरावावर घेऊन गेल्या आणि सांगायला लागल्या. पंप इकडं, हौद तिकडं, इथून पाणी एवढ्या गावांना जाणार. कालवा सुंदरच होता, हे मी मान्य करतो. आतून सिमेंट असं गुळगुळीत की पंगत मांडावी. कालपासून त्यात गुडघाभर पाणी सोडून ठेवलं होतं, लोखंडी दारापर्यंत. चार वाजता सगळे पंप चालू होणार, दार वर उचलणार आणि काठोकाठ पाणी पुढं धावणार.

"काठोकाठ एकदम नसतंय सोडायचं," मी म्हटलं. "पह्यलं थोडं थोडं सोडून नव्या मातीला पाणी प्यायला द्यायचं असतं."

"काका, तेच केलंय कालपासून," बाई हसून म्हणाल्या. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

आता जुन्या खोडीला औषध नाही. कालवा बघायला गेलेला माणूस पाणी बघतो. पाटकरी आधी भरावाची बाहेरची बाजू बघतो, कारण घोटाळा व्हायचा तो तिथंच होतो. मी लघवीला जाऊन येतो असं सांगून भरावाच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरलो. तिथं गाडीरस्त्यासाठी भरावाच्या पोटातून मोरी काढलेली होती. मोरीच्या भिंतीला लागून, घोंगडी अंथरावी एवढी जमीन ओली होती.

मी खालून ओरडलो, "बाई, इकडं या. भराव पाझरतोय."

बाई आल्या. त्यांच्यामागं गॉगलवाले साहेब आणि निम्मी बँक आली. बाईंनी ओल बघितली, मग वर बोट दाखवलं. ओलीच्या बरोबर वर, भरावावर, पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीतून टप टप गळत होतं. गळलेलं पाणी उतारावरून खाली येत होतं, ते माझ्याही डोळ्यांना दिसलं.

"काका, सिमेंटवर मारायला आणलेलं पाणी आहे ते," बाई म्हणाल्या. चेष्टेनं नव्हे, समजुतीनं. ते जास्त लागलं.

साहेब म्हणाले, "काका, रिटायर झालात ना? आता जरा बोटीची मजा घ्या." सगळे हसले. एक जण तर मोबाईलवर माझं चित्रीकरण करत होता.

मी तापट माणूस. म्हटलं, "फुटू द्या मग. माझ्या बापाचं काय जातंय." आणि तरातरा वर आलो. पण चिडण्याच्या आत दुसरंच काही होतं, तेही सांगतो. मला वाटलं, खरंच आपण म्हातारे झालो. तोटी गळतेय हे शेंबड्या पोराला दिसतं आणि आपल्याला दिसलं नाही. लाज वाटली मला.

वर दारापाशी बायको उभी होती. चाराला दहा मिनिटं कमी होती. दारावरचा माणूस फोन हातात धरून हुकमाची वाट बघत होता. हिनं खणाची घडी उलगडून नारळ त्यावर ठेवला होता, हळदकुंकवाची पुडी सोडली होती. डोक्यावर पदर. चेहरा असा की लग्नातसुद्धा मी तिचा तसा बघितला नव्हता.

"भर तुझी ओटी, मी बोटीत जाऊन बसतो," मी म्हटलं.

"का? झालं काय?"

मी सांगितलं. मोरीपाशी ओल दिसली, ती टँकरची निघाली, लोक हसले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पायांकडं बघितलं. "बूट काढून बघितलं का?"

मीही बुटांकडं बघितलं. ती म्हणाली, "धरा हे," आणि खण-नारळ माझ्या हातात देऊन भराव उतरायला लागली. तिचे गुडघे दुखतात, घरात पायरी उतरताना भिंत धरते. इथं धरायला काही नव्हतं, तरी उतरली.

आमचं नवं लग्न झालं तेव्हा आम्ही कालव्यावरच्या चौकीत राहायचो. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि मी तिला कालव्यातलं एकेक शिकवायचो. शिकवायचो कसलं, नव्या नवरीपुढं शेखी मिरवायचो. त्यातलंच एक होतं. भर उन्हात भरावाच्या पायथ्याशी ओल दिसली की चप्पल काढायची आणि तिच्यात उभं राहायचं. वरून सांडलेलं पाणी उन्हानं कोमट झालेलं असतं. भरावाच्या पोटातून आलेलं पाणी गार लागतं. मी पस्तीस वर्षं हेच केलं, आणि आज लेकीचे पांढरे बूट मळतील म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून मोकळा झालो.

तिनं चपला काढल्या. आधी टँकरखाली जिथं थेंब पडत होते तिथं पाऊल ठेवलं. मग सावकाश खाली मोरीपाशी गेली आणि त्या ओल्या जमिनीत दोन्ही पाय रोवून उभी राहिली. मी वरून बघत होतो. तिनं मान वर केली. दाराकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या हिरव्या खणाकडं. तिच्या तळव्याला काय लागलं ते त्या घडीला तिच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. ती काही न बोलता वर आली असती तर दहा मिनिटांत दार उचललं गेलं असतं, पाणी तिच्या माहेराकडं निघालं असतं, आणि तिची ओटी भरली गेली असती. तिला कुणी एका शब्दानं विचारलं नसतं.

"मॅडम," ती म्हणाली, "वरचं पानी कोमट हाय. हे गार हाय. हे टँकरचं न्हाई, कालव्याचं हाय. दार नका उचलू आज."

हसणारे थांबले. इंजिनिअर बाईंची मी तारीफ करतो, त्यांनी वाद घातला नाही. खाली बसून बूट काढला, मोजा काढला, आणि बायकोनं सांगितलं तसं आधी वर, मग खाली उभ्या राहिल्या. खाली उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा बदलला. तिथूनच त्यांनी फोन लावला. "थांबा. पंप चालू करू नका. असलेलं पाणीही परत धरणात सोडून द्या."

दोन मजुरांनी मोरीच्या भिंतीलगत फावड्यानं उकरलं. हातभर माती निघाली आणि भिंतीच्या कडेनं बोटाएवढी गढूळ धार आली. गुडघाभर पाण्याला ही धार, तर काठोकाठ पाण्याला काय झालं असतं? मोरीच्या पलीकडं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. बाई त्या खोल्यांकडं बघत राहिल्या. मग बायकोचे हात धरून म्हणाल्या, "काकू, दहा-पंधरा दिवस तरी लागतील आता. तुम्ही ओटी घेऊन आल्या होत्या ना?"

"व्हय. माहेर हाय माझं तिकडं," बायको म्हणाली.

गॉगलवाल्या साहेबांनी गॉगल काढला आणि मला म्हणाले, "सॉरी काका." मी म्हटलं, "मला कशाला, मी तर बोटीत बसायला निघालो हुतो."

कॅप्टननं भोंगा वाजवला. आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर बायको पुन्हा त्याच जागी बसली, पिशवी मांडीवर. पायाला चिखल तसाच.

"ओटी ऱ्हायली की गं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. नारळ काय लगेच नासत न्हाई." मग पायाचा चिखल बघत म्हणाली, "चाळीस वर्षं म्हनत हुते, जावई पानी आनत न्हाई. आता म्हनतील, येत हुतं ते बी अडवलं." आणि ती हसली. हसता हसता पदरानं डोळे पुसले. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हटलं, "भजी आणू का?" ती म्हणाली, "आणा. आता दोन्ही हात मोकळे हायेत."

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन. बँकेतल्या कुणीतरी टाकलेलं चित्रीकरण फिरत फिरत माळावर पोचलं होतं. "दाजी, गावात बोंब झालीय. जावयानं पानी अडवलं म्हनं." मी त्याला म्हटलं, तुझ्या बहिणीनं अडवलं, तिलाच विचार.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. सरकारी कामाचे दिवस असेच असतात, मी त्याच खात्यात होतो, मी काय बोलणार? नारळ देव्हाऱ्यापाशी पडून होता. बायको अधूनमधून तो कानाशी हलवून बघायची. आतलं पाणी वाजलं की परत ठेवून द्यायची. एकदा चटणीला खोबरं नव्हतं म्हणून मी त्याला हात लावला, तर अशी नजर टाकली की मी चटणीशिवाय जेवलो.

चैत्रात इंजिनिअर बाईंचा फोन आला. भराव नव्यानं दाबून घट्ट केला होता, दोनदा पाणी सोडून बघितलं होतं. "काकू, परवा खरंच सोडतोय. तुम्ही कुठं उभ्या राहणार, दारापाशी की माहेरी?"

"माहेरी," बायको म्हणाली.

या वेळी लाँच नाही, एसटीनं गेलो. सगळं गाव कालव्याच्या काठावर उन्हात उभं होतं. पारावरचे म्हातारे आता कुणी राहिले नाहीत, त्यांची पोरं म्हातारी होऊन त्यांच्या जागी आली आहेत. माझ्याकडं बघून गालात हसत होते, पण पाणी आणलं का असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दोनच्या सुमाराला लांबून आवाज आला. मग पाणी दिसलं. पहिलं पाणी काही बघण्यासारखं नसतं. पुढं पाचोळा, सिमेंटची धूळ, फेस, कुणाची तरी एक चप्पल. पण लोक बघायला काठावर पुढं सरकले. माझा मेव्हणा, साठीला टेकलेला गडी, लहान पोरासारखा रडायला लागला.

नारळ सरपंचानं फोडायचा असं ठरलं होतं. पण बायाच पुढं सरसावल्या. म्हणाल्या, आधी माहेरवाशीण. बायको पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. खण काढला, नारळ कानाशी हलवून बघितला. आणि ओटी भरायच्या आधी चप्पल काढून तिनं दोन्ही पाय पाण्यात सोडले. सगळं गाव बघत होतं, ही काय करतेय ते कुणाला कळेना.

मला कळलं. मी वरून विचारलं, "कसं हाय?"

"कोमट हाय," ती म्हणाली. "उन्हातनं आलंय लांबनं. मधी कुठं फुटलं न्हाई." मग माझ्याकडं वळून, साऱ्या गावासमोर म्हणाली, "माझ्या बापानं जावई बरोबर निवडला हुता."

मी खाली उतरलो, लेकीचे पांढरे बूट काढून पायरीवर ठेवले, आणि तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी कोमटच होतं.